अण्णा संसारी होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्मृतिदिनी, ९ नोव्हेंबरला, आपल्या दैनिकात आलेला लेख मी दोनदा वाचला. तो श्रद्धेने लिहिलेला आहे आणि त्यातल्या सनावळीत खोट काढण्यासारखे फारसे काही नाही. (एक बारीक दुरुस्ती मात्र करते. अण्णांचे घर आणि गाव मुरूड हे खरे, पण १८ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला तो आजोळी, शेरवलीला. आम्ही कोकणातली माणसे आजोळाच्या बाबतीत हळवी असतो.) हे पत्र लिहायला मी बसले ते त्या लेखातल्या एका वाक्यामुळे. अण्णांनी ‘संसाराचे पाश तोडून’ स्वतःला स्त्रीशिक्षणाला वाहून घेतले, असे त्यात म्हटले आहे.

हा समज त्या लेखकाचा एकट्याचा नाही. एप्रिल महिन्यात एका शाळेने मला निबंध तपासायला बोलावले होते. विषय अण्णांचाच होता. चौदा निबंधांपैकी अकरांत ‘त्यांनी संसाराचा त्याग केला’ हे वाक्य थोड्याफार फरकाने होते आणि एका मुलाने तर त्यांना थेट हिमालयात पाठवले होते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘महर्षी’ म्हटले की दाढी, वल्कले आणि पर्णकुटी हे चित्र आपोआप येते, आणि पुण्याजवळच्या हिंगण्याला त्यांच्या आश्रमाची झोपडी होती हे पाठ्यपुस्तकात वाचले की ते पक्के होते. पण ज्या माणसाने दोनदा लग्न केले, चार मुलगे वाढवले, सुना पाहिल्या, नातवंडे खेळवली आणि १०४ वर्षांच्या आयुष्यातली सत्तराहून अधिक वर्षे गृहस्थाश्रमात काढली, त्याला संन्याशाच्या रांगेत बसवले की त्याचे काम कुठून उगवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही दिसेनासे होते. मी स्वतः छत्तीस वर्षे गणित शिकवले आहे. अण्णाही गणिताचेच प्राध्यापक, त्यामुळे हिशेबाचा हा आग्रह ते समजून घेतील असे वाटते.

सुरुवात मुरूडच्या घरापासून करायला हवी. एके काळी सावकारी पाहिलेल्या त्या घराण्यात अण्णांच्या वडिलांच्या वेळी ओढगस्त होती. बडोद्याच्या महाराजांकडून ब्राह्मणांना दहा-दहा रुपये दक्षिणा वाटली जात असल्याची बातमी गावात आली, तेव्हा मुलांना जाण्याची इच्छा झाली, पण आई लक्ष्मीबाईंनी ती मोडून काढली. घरात चणचण असताना दहा रुपये नाकारणारी ती बाई लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे आयुष्यभर इतरांसाठी हात पसरणाऱ्या अण्णांनी स्वतःसाठी कधी हात पसरला नाही, याचे मूळ मला तिथे दिसते. पुढे सतराव्या वर्षी सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला, ११० मैल, पावसापाण्यातून सह्याद्री चढून चालत गेला. तिथे परीक्षक मंडळींनी त्याची चण पाहून ‘सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. दाखला जवळ असूनही तो परत फिरला आणि नंतर कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाला. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्या वेळी या मुलाचे लग्न झालेले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. चौदाव्या वर्षी, आठ वर्षांच्या राधाबाईंशी ते झाले होते.

मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले, म्हणजे अण्णा तेवीस वर्षांचे झाले होते. पुढच्या वर्षी थोरला मुलगा रघुनाथ जन्मला. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते गणित घेऊन बी. ए. झाले तेव्हा त्यांच्यावर बायको-मुलाची जबाबदारी होती. मुंबईतले त्यांचे बिऱ्हाड म्हणजे एक लहानसे वसतिगृहच होते. मित्र नरहरपंत जोशी त्यांच्यात असत, नात्यातल्या मुलांना शिकायला आणून ठेवलेले असे आणि त्यांतच मुरडीचा रघुनाथ परांजपे हा एक मुलगा होता. तोच पुढे केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिला, झाला. हा खर्च भागवण्यासाठी अण्णा एकाच दिवसात निरनिराळ्या मुलींच्या आणि मुलांच्या शाळांत तास घेत आणि वर शिकवण्या करीत. विधवांना शिकवणारा अनाथ बालिकाश्रम १८९६ साली निघाला असे आपण म्हणतो, पण दुसऱ्याच्या मुलांना आपल्या ताटात वाढायची सवय त्या घराला मुंबईतच लागली होती, आणि त्या वेळी चूल सांभाळायला राधाबाई होत्या. त्यांचे नाव तुमच्या लेखात नाही. १८९१ साली त्या गेल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी अण्णांना फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणजे वीस वर्षे तुटपुंज्या पगारावर काम करण्याचे वचन. अण्णांनी ते दिले आणि १९१४ पर्यंत निभावले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तेहतीस वर्षांचा, पदरात नऊ वर्षांचा मुलगा असलेला, नोकरीत स्थिर झालेला विधुर. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला दहा-अकरा वर्षांची मुलगी सांगून यायची, त्याने तिच्याशी लग्न करायचे आणि पुन्हा संसार मांडायचा. यात कोणालाही काही वावगे वाटले नसते. बाप्यासाठी ही सोय आणि आठव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीसाठी जन्मभर लाल आलवण, हा व्यवहार अण्णांना गैर वाटत होताच. पण आता तो प्रश्न पुस्तकातून उठून त्यांच्या स्वतःच्या ओटीवर येऊन बसला. पुन्हा लग्न करीन तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले. नरहरपंतांची बहीण गोदूबाई लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत विधवा झाली होती. भावाने तिला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला घातले होते आणि त्या संस्थेतली ती पहिली विधवा विद्यार्थिनी होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. हिंगण्याच्या मुली त्यांना ‘बाया’ म्हणत.

म्हणजे ज्या कार्यासाठी अण्णांनी संसार सोडला असे आपण म्हणतो, ते कार्य त्यांच्या संसाराच्या पोटातून निघाले. विधवाविवाहोत्तेजक मंडळी त्याच वर्षाच्या अखेरीस स्थापन झाली. आधी लग्न झाले, मंडळी नंतर निघाली.

गावाने काय केले ते सर्वज्ञात आहे. मुरूडला सभा भरली आणि बहिष्काराचा ठराव झाला. त्याची झळ अण्णांपेक्षा त्यांच्या आईला आणि भावंडांना अधिक बसली, कारण अण्णा पुण्याला निघून जाऊ शकत होते, त्या माणसांना मात्र त्याच गावात, त्याच विहिरीवर आणि त्याच देवळात रोज जायचे होते. मुलगा गावात आला तर त्याला आपल्या पंगतीला बसवायचे नाही, अशी अट ज्या आईवर लादली जाते तिचे दुःख कोणत्याही चरित्रात पुरेसे आलेले मी पाहिलेले नाही. आपण ते ‘समाजाचा विरोध पत्करला’ या तीन शब्दांत उरकतो.

यानंतरची गोष्ट मात्र मला दीर्घकाळ कळत नव्हती. ती मला कळली ती माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीमुळे. ताईआजी चौदाव्या वर्षी विधवा झाली आणि १९२१ च्या सुमारास तिच्या भावाने तिला हिंगण्याला आणून सोडले. पुढे तिने एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिकवले. ती वारली तेव्हा तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत चार लुगडी, शाईच्या वड्यांची एक रिकामी डबी, दर दिवसाचा जमाखर्च लिहिलेल्या एकवीस वह्या आणि आनंदीबाईंच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनाची जीर्ण प्रत एवढेच निघाले. वह्यांत आण्या-पैचा हिशेब आहे: ‘मीठ ३ पै, टपाल १ आणा, शांतेच्या फीत कमी पडले ते ८ आणे.’ ही शांता कोण ते आम्हाला कधीच कळले नाही. आणि पुस्तकात, जिथे जिथे घरातल्या पैशांचा विषय येतो, तिथे तिथे समासात पेन्सिलीची उभी रेघ आहे. अण्णांविषयी कौतुकाचे जे परिच्छेद आहेत त्यांच्यापाशी रेघ नाही. ताईआजी अण्णांना देव मानणाऱ्यांपैकी होती, रोज संध्याकाळी त्यांच्या फोटोला हात जोडायची. तरीही तिने रेघा मारल्या त्या बायांच्या बाजूने.

त्या रेघांमागची हकीकत अशी. १४ जून १८९६ रोजी अण्णांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. विधवांना शिकवायचे, पण त्यांच्या पुनर्विवाहाची भाषा आश्रमात करायची नाही, असे त्यांनी ठरवले, कारण तसे केले असते तर कोणा बापाने आपली विधवा मुलगी तिथे पाठवली नसती. शारदा सदनाविषयी धर्मांतराच्या शंकेने काय वादळ उठले होते ते त्यांनी जवळून पाहिले होते. व्यवहार म्हणून हा निर्णय बरोबर होता, असे मला आजही वाटते. पण त्याचा परिणाम असा झाला की आश्रमाच्या संस्थापकाची पत्नी पुनर्विवाहित म्हणून तिनेच आश्रमापासून लांब राहायचे. अण्णा हिंगण्याला आणि आनंदीबाई मुलांना घेऊन पुण्यात. शारदा सदनात शिकलेल्या, काम करायला आसुसलेल्या बाईला नवऱ्याच्याच संस्थेचे दार बंद. विधवाविवाहाच्या मंडळीची जबाबदारीही अण्णांनी याच कारणासाठी सोडली. म्हणजे ज्या लग्नाने हे सारे सुरू झाले, त्याच लग्नाला कामाच्या आड येऊ नये म्हणून बाजूला ठेवावे लागले. यातला ताण ज्याला दिसत नाही, त्याला हा माणूस कळला असे मी म्हणणार नाही.

पैशांचे तर विचारूच नये. कॉलेजचा पगार, शिकवणीचे पैसे, शिल्लक, यातले जमेल तेवढे आश्रमाकडे जाई. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे केली. त्या काळी पॉलिसी म्हणजे नवरा गेला तर बायको-मुलांच्या तोंडी घास, आणि जिने एकदा वैधव्य पाहिले आहे तिच्यासमोर हा कागद आश्रमाला लिहून देणे म्हणजे काय, याची कल्पना कोणीही संसारी माणूस करू शकेल. आनंदीबाई भांडल्या आणि त्यांनी ते लपवले नाही. पण नुसते भांडून त्या थांबल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, परत येऊन पुण्यात बाळंतपणे केली आणि त्या मिळकतीवर घर चालवले. पुढे तर आश्रमासाठी त्याही गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागल्या. हे सगळे ‘माझे पुराण’मध्ये कसलीही आदळआपट न करता, पण काही न लपवता आलेले आहे. ताईआजीच्या जमाखर्चाच्या वह्या मी ते पुस्तक वाचल्यावर पुन्हा उघडल्या आणि मग ‘शांतेची फी’ ही नोंद नीट वाचता आली.

अण्णांच्या सूनबाई, म्हणजे पुत्र दिनकररावांच्या पत्नी, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, यांनी याच गोष्टीवर नेमके बोट ठेवले आहे. अशा माणसाची सून होणे हे आपले मोठे भाग्य, पण त्याची बायको झालो नाही हे त्याहून मोठे भाग्य, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. हे वाचून काहींना राग येतो. मला त्यात माया दिसते, कारण घरच्या माणसाविषयी इतके खरे तेव्हाच बोलता येते जेव्हा त्याच्याविषयीचा आदर ढळण्याची भीती नसते. इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघाल्या तेव्हा स्त्रियांचे विद्यापीठ काढणारे त्यांचे सासरेच त्याला अनुकूल नव्हते. दिनकररावांनी बायकोच्या बाजूने उभे राहून, कर्ज काढून तिला पाठवले. अण्णांवर टीका म्हणून मी हे सांगत नाही. बाहेरच्या जगातले तत्त्व घराच्या उंबऱ्यातून आत येताना अडखळते, हा अनुभव कोणत्या घरात नाही? विशेष हे की याच घरातल्या मुलाने वडिलांना न जुमानता ते तत्त्व आत आणले, आणि हेही त्या वडिलांच्याच शिकवणीचे फळ होते.

थोरल्या रघुनाथरावांची वाट तर आणखी वेगळी. तेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची नोकरी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवले, अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. बापाने लोकांचा विश्वास मिळवण्यासाठी एक-एक पाऊल मोजून टाकले आणि मुलाने लोक काय म्हणतील याचा विचारच सोडून दिला. एकाच घरात हे दोन स्वभाव कसे नांदले असतील, यावर खरे तर स्वतंत्र लेख व्हायला हवा. दुसरे पुत्र शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि भास्कररावांनी हिंगण्याचे काम सांभाळले. मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचे काम तर अण्णांच्या कामापासून वेगळे काढताच येत नाही. आश्रमासाठी वर्गणी मागताना लोकांच्या मनात किंतू येऊ नये म्हणून या बाईंनी विधवेचा केशवपनाचा वेष कित्येक वर्षे मुद्दाम ठेवला, १९१२ साली तो टाकला आणि १९१८ साली, इंग्रजी फारसे येत नसताना, एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून पोट भरले आणि संस्थेसाठी पैसे जमवले. १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले तेव्हा कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते आणि कुलगुरू रँग्लर परांजपे, म्हणजे मुंबईच्या बिऱ्हाडातला तोच मुरडीचा मुलगा. आजच्या भाषेत कोणी याला घराणेशाही म्हणेल. मी म्हणेन की ज्या कामाला ना मान होता ना पैसा, त्या कामाला सुरुवातीला घरचीच माणसे मिळतात.

विद्यापीठाविषयी इथे फार लिहीत नाही, कारण तुमच्या लेखात ते सविस्तर आहे. पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनी, १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ, १९३६ साली मुंबईला स्थलांतर. एकच भर घालते. जपानच्या महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका वाचून अण्णांना ही कल्पना सुचली हे सगळे सांगतात, पण उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याचा त्यांचा आग्रह मागे पडतो. १९१६ साली पदवीचा अभ्यास मराठीतून, ही त्या काळच्या शहाण्यांना हसण्यावारी नेण्याची गोष्ट वाटली होती. आज शंभराहून अधिक वर्षांनी आपण त्याच प्रश्नावर परिसंवाद भरवतो.

त्याचप्रमाणे, अण्णा हे या वाटेवरचे पहिले नव्हेत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. अण्णांचा जन्म झाला तेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढून दहा वर्षे झाली होती, आणि विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी स्वतःच्या घरात सोय केली तेव्हा अण्णा पाच वर्षांचे होते. हिंगण्याचा आश्रम सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांपुरताच राहिला, ही त्याची मर्यादा होती. अण्णांना ती उमगली नव्हती असे नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि पुण्यात दारोदार फिरून वर्गणी जमवली. १९४४ साली शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला. साठाव्या वर्षी मत बदलणे कठीण जाते, हे मी स्वतःवरून सांगते. शहाऐंशीव्या वर्षी जातिभेदाविरुद्ध नवी संस्था काढणे म्हणजे नुसती दीर्घायुष्याची देणगी नव्हे.

दीर्घायुष्याचा दुसरा हिशेबही आहे. राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, आनंदीबाई १९५० मध्ये आणि थोरला मुलगा रघुनाथ १९५३ मध्ये. पंचाण्णव वर्षांच्या बापाने एकाहत्तर वर्षांच्या मुलाचा मृत्यू पाहिला. १९५५ साली पद्मविभूषण, शंभरी भरली त्या १९५८ साली भारतरत्न, हयात असताना टपाल तिकिटावर येणारे पहिले भारतीय, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत सत्कार. हे सगळे वैभव आले तेव्हा ज्यांनी या आयुष्याचे चटके शेजारी उभे राहून सोसले त्या दोघीही हयात नव्हत्या. ताईआजीने ते तिकीट घेऊन एका पुठ्ठ्यावर चिकटवले होते. त्याच्याखाली तिने तिच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: ‘बाया असत्या तर.’ एवढेच.

१९६२ च्या नोव्हेंबरात अण्णा गेले तेव्हा सीमेवर चीनशी लढाई चालू होती आणि वर्तमानपत्रांची पाने त्या बातम्यांनी भरलेली होती. कंपनी सरकार संपले त्या वर्षी जन्मलेला माणूस प्रजासत्ताकाच्या पहिल्या मोठ्या संकटाच्या दिवसांत गेला.

गेल्या जूनमध्ये माझ्या नातवाला घेऊन मी कर्वेनगरहून, म्हणजे अण्णांच्या वेळच्या हिंगणे बुद्रुकहून, फर्ग्युसन कॉलेजपर्यंत चालत गेले. अण्णा काही काळ हे अंतर रोज चालत आणि येताना आश्रमासाठी वाणसामान घेऊन जात. त्यांच्या वेळी वाटेत शेते होती आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आम्हाला कर्वे पुतळा, नळ स्टॉप, मेट्रोचे खांब आणि डेक्कनचा कोपरा असे सगळे मिळून दीड तास लागला, त्यात एकदा चहा आणि दोनदा माझे गुडघे. गरवारे कॉलेजच्या पुढे आलो तेव्हा नातू म्हणाला, ‘आजी, हे रोज? आणि वर्गावर उभे राहून शिकवायचे ते वेगळेच?’ मी म्हटले, हो, आणि घरी बायको-मुले वाट पाहत असायची ते आणखी वेगळे. त्याने विचारले, ‘मग ते घरी कधी जायचे?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आनंदीबाईंनाही तो पडला असावा, एवढेच मी त्याला सांगू शकले.

संपादक महाशय, माझी विनंती फार मोठी नाही. येत्या १८ एप्रिलला आपण अण्णांवर पुन्हा काही छापालच. तेव्हा पागोटे घातलेल्या अण्णांच्या नेहमीच्या छायाचित्राशेजारी आनंदीबाईंचेही छायाचित्र छापावे आणि मजकुरात राधाबाईंचे नाव घालावे. ‘संसाराचे पाश तोडून’ हे शब्द मात्र तेवढे गाळावेत. ताईआजीची ती प्रत कोणाला पाहायची असेल तर आपल्यामार्फत कळवावे. पाने सुटू लागली आहेत, पण पेन्सिलीच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
कोथरूड, पुणे